गच्चीवर दुर्बीण, जिन्यात स्पेक्ट्रोग्राफ आणि मधे फायबर : घरच्या घरी कसं जोडायचं

आधीच सांगतो, इंटरनेटवाला राउटरच्या मागे जी बारीक पिवळी वायर खोचून जातो ती या कामाला चालत नाही. मला हे सांगायला कोणी नव्हतं म्हणून मी दोन महिने त्याच वायरीशी झटत बसलो. तिच्या आतल्या काचेचा गाभा जेमतेम ९ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग), आणि मुलुंडच्या गच्चीवरून ताऱ्याची जी प्रतिमा पडते ती हवेच्या थरथरीनेच १५ मायक्रॉनच्या आसपास पसरते, वर ट्रॅकिंगची, म्हणजे ताऱ्यामागे दुर्बीण फिरवतानाची, डुगडुग वेगळी. म्हणजे सुईच्या नाकात सुतळी ओवायचा प्रकार.

आता फायबर लागतंच कशाला, हा प्रश्न आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनीही विचारला होता (गच्चीवरून जिन्यात वायर कसली टाकताय म्हणून). उत्तर सोपं आहे. ताऱ्याचा वर्णपट घ्यायचा तर स्पेक्ट्रोग्राफ पाहिजे, माझा घरगुती डबा कॅमेऱ्यासकट साडेचार किलोचा झाला, आणि तो दुर्बिणीच्या फोकसरला लटकवला की एक तर माउंट (दुर्बिणीचा फिरता आधार) रडतं, दुसरं म्हणजे दुर्बीण पूर्वेकडून पश्चिमेकडे वळताना डबा स्वतःच्या वजनाने किंचित वाकतो आणि वर्णपटातल्या रेषा सरकतात. मोठ्या वेधशाळांनी हाच वैताग फायबरने सोडवलाय. कावलूरच्या २.३४ मीटरच्या वेणू बाप्पू दुर्बिणीच्या मुख्य फोकसवरून फायबर खाली खोलीत येतं, हानलेच्या २ मीटरच्या चंद्रा दुर्बिणीला तसाच फायबरवाला एशेल स्पेक्ट्रोग्राफ आहे, माउंट अबूचा पारस स्पेक्ट्रोग्राफ पण तसाच. डबा शांत, एका तापमानाच्या खोलीत बसतो, आणि दुर्बिणीवर फक्त फायबरचं टोक राहतं. हे सगळं एका ताऱ्यापुरतं झालं. स्लोन आणि डेझी हे एका वेळी शेकडो-हजारो वर्णपट घेणारे सर्व्हे. स्लोनमध्ये तर ६४० फायबर अॅल्युमिनियमच्या पत्र्यातल्या भोकांत हाताने खोचायचे, आणि आता डेझीमध्ये ५००० फायबर छोटे रोबोट हलवतात. आपल्याला एकच हलवायचंय, घाबरू नका.

आणखी एक फायदा शहरातल्या लोकांसाठी. ५० मायक्रॉन गाभ्याचं फायबर आकाशाचा अगदी छोटा ठिपका उचलतं त्यामुळे आजूबाजूच्या एलईडीचा उजेड फारसा आत येत नाही, तेजस्वी ताऱ्यांचं काम मुंबईतून मजेत होतं. दर वेळी अंधाऱ्या आकाशासाठी वांगणीला जायची गरज नाही.

पण एक गोष्ट मी दोन वर्षं चुका करून शिकलो ती आधी डोक्यात बसवा. प्रकाश फायबरच्या वाटेत फारसा हरवत नाही, तो दोन टोकांना हरवतो. दहा मीटर चांगल्या काचेत हिरवा-तांबडा प्रकाश अगदी थोडा वाया जातो, निळा त्याहून जास्त वाया जातो, पण तेही चालण्यासारखं. खरी वाट लागते ती तुम्ही टोक कसं कापलं, कसं चिकटवलं, कसं घासलं आणि कुठे आवळलं यावर. त्यामुळे पुढे मी टोकांबद्दलच जास्त बडबड करणार आहे, स्पेक्ट्रोग्राफबद्दल कमी.

फायबर निवडताना चार गोष्टी बघा. गाभा ५० मायक्रॉन, बाहेरचं काचेचं आवरण १२५ मायक्रॉन, स्टेप इंडेक्स (म्हणजे गाभाभर काच एकसारखी), आणि एनए ०.२२ (फायबर किती रुंद कोनातला प्रकाश आत घेतं त्याचा आकडा). स्टेप इंडेक्स हा शब्द दुकानदाराला तीनदा सांगा, कारण नेटवर्किंगच्या बाजारात केशरी रंगाचं ५०/१२५ मल्टिमोड सहज मिळतं, आकडे तेच दिसतात आणि माणूस फसतो. ते ग्रेडेड इंडेक्स असतं, म्हणजे गाभ्याच्या मध्यावर ते सगळ्या कोनातला प्रकाश घेतं पण कडेला कमी कमी घेत जातं. तारा जरा कडेला सरकला की उजेड गायब. काच सिलिकाचीच हवी. त्यातही दोन जाती आहेत. काचेत पाण्याचा अंश जास्त असेल तर निळं-जांभळं छान जातं पण तांबड्याच्या पलीकडे ९५० नॅनोमीटरच्या आसपास खड्डा पडतो, अंश कमी असेल तर उलट. मला ६५६ नॅनोमीटरची हायड्रोजनची तांबडी रेषा बघायची होती म्हणून मी कमी पाण्याचं घेतलं. हे फायबर मात्र लॅमिंग्टन रोडवर मिळणार नाही, ऑप्टिक्सचं लॅबचं सामान विकणाऱ्यांकडून मागवावं लागतं. १२५ मायक्रॉनच का, तर त्या मापाचे झिरकोनियाचे फेरूल (फायबरचं टोक ज्यात चिकटवतात ती छोटी नळी), स्ट्रिपर, पॉलिशची चकती, हे सगळं टेलिकॉमचं सामान स्वस्तात मिळतं आणि ते मात्र लॅमिंग्टन रोडवर मिळतं. फेरूल २.५ मिलीमीटर व्यासाचा, एफसी प्रकारचा घ्या, स्क्रूने बसतो, हलत नाही. हिरव्या रंगाचे कनेक्टर घेऊ नका, त्यांचं तोंड ८ अंशात तिरकं घासलेलं असतं, प्रकाश जवळपास पावणेचार अंश वाकडा बाहेर पडतो आणि तुम्ही भिंग हलवत बसता.

आता दुर्बीण. माझी आठ इंची न्यूटनियन (आरशाची दुर्बीण) आहे, एफ/५, म्हणजे फोकल लेंग्थ आरशाच्या व्यासाच्या पाचपट, १००० मिलीमीटर. गणित एवढंच की २०६२६५ ला फोकल लेंग्थच्या मिलीमीटरने भागा, एका मिलीमीटरमध्ये किती आर्कसेकंद (अंशाचा ३६०० वा भाग) बसतात ते येतं. माझ्याकडे २०६, म्हणजे ५० मायक्रॉनमध्ये १० आर्कसेकंद. आपल्या हवेला आणि साध्या माउंटला हे आरामात पुरतं. ज्यांच्याकडे एफ/१० ची श्मिट-कॅसेग्रेन आहे त्यांनी रिड्यूसर (फोकल लेंग्थ कमी करणारं भिंग) लावून एफ/६ च्या आसपास या. कारण फायबरचा एक खोडसाळपणा आहे. आत तुम्ही प्रकाशाचा ज्या कोनाचा शंकू घालता त्यापेक्षा रुंद शंकू तो बाहेर टाकतो. एफ/५ घातलं की बाहेर एफ/४.५ किंवा एफ/४ येतं, त्याला फोकल रेशो डिग्रेडेशन म्हणतात, आणि जितका सडसडीत शंकू आत घालाल तितकी ही बिघाडी जास्त. एफ/१० घातलं तर फायबर त्याचा पार फुगा करून टाकतं. एफ/४ ते एफ/६ मध्ये राहिलात तर फायबर बऱ्यापैकी शहाण्यासारखं वागतं.

आणि हा शंकू फुगतो कशामुळे, तर ताणामुळे. काचेवर कुठेही दाब, चिमटा, आवळ, खरबरीत तोंड. म्हणजे परत आलो टोकांवर.

चला, टोक बनवू. सुरू करायच्या आधी काळं कापड अंथरा, पायात चप्पल घाला आणि टेबलावर चहा-वडापाव काही ठेवू नका. मस्करी नाही करत, कापलेले काचेचे तुकडे केसापेक्षा बारीक असतात, दिसत नाहीत, बोटात गेले तर दोन दिवस ठसठसतं आणि पोटात जायला नकोत. प्रत्येक तुकडा इन्सुलेशन टेपला चिकटवून मगच टाका.

स्ट्रिपरने साधारण २५ मिलीमीटर प्लास्टिकचं आवरण काढा, एका दमात ओढू नका, तीन-चार तुकड्यांत काढा. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, त्यानंतर त्या काचेला बोट लावायचं नाही. आता इपॉक्सी. इथे मी सगळ्यात मोठा गाढवपणा केला होता, पहिल्यांदा घाईत सुपर ग्लू वापरला. तो सुकताना वाफ सोडतो, त्या वाफेचा पांढरा थर बरोब्बर फायबरच्या तोंडावर बसला, शिवाय तो आक्रसतो आणि काचेला पिळतो. पाच मिनिटवाला इपॉक्सीही नको. टेलिकॉमवाले १५० अंशावर भाजून पक्का होणारा इपॉक्सी वापरतात, त्यांच्यासाठी ठीक आहे, पण भाजून थंड होताना फेरूल आणि गोंद आणि काच वेगवेगळे आकसतात आणि ताण आत कायमचा कोंडला जातो. वेधशाळांसाठी फायबर जोडणारे साध्या खोलीच्या तापमानाला दोन दिवसांत सावकाश बसणारा, कमी आक्रसणारा इपॉक्सी वापरतात, एपोटेक ३०१-२ हा त्यातला प्रसिद्ध. महाग आहे, पण लागतो एक थेंब, चारजणांत मिळून घ्या. दोन्ही भाग वजनाने मोजायचे, अंदाजपंचे नाही, सोनाराकडे असतो तसा छोटा डिजिटल काटा घ्या.

सिरिंजने फेरूलच्या मागून इपॉक्सी भरा, पुढच्या तोंडावर मोहरीएवढा थेंब दिसेपर्यंत. मग फायबर हळूच, बोटांत फिरवत फिरवत आत सरकवा. अडला तर जोर लावायचा नाही, बाहेर काढा, पुसा, परत. पुढून दोन-तीन मिलीमीटर बाहेर येऊ दे आणि तो थेंब तसाच राहू दे, घासताना तोच काचेला आधार देतो. मग एअरटाइट डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून दोन दिवस ठेवून द्या. जुलैत करत असाल तर डबा मस्टच, मुंबईच्या दमट हवेत माझा एक गोंद वरून चिकटच राहिला होता. आणि हो, दोन दिवस म्हणजे दोन दिवस, रोज उघडून दाबून बघू नका.

सुकल्यावर थेंबाच्या अगदी वर कार्बाइडच्या पेनने एकच हलका ओरखडा आणि सरळ वर ओढा, वाकवू नका. तुटलं की लगेच काचेवर ठेवून घासायचं नाही, आधी फेरूल स्थिर धरा आणि पॉलिशची फिल्म हातात धनुष्यासारखी वाकवून तिने ते उरलेलं टोक हवेतल्या हवेत हळूहळू झिजवा. ही पायरी सोडली की काच आत खोलवर तडकते, मग कितीही घासा तो तडा जात नाही. त्यानंतर फेरूल पॉलिशच्या चकतीत बसवा, खाली जाड काचेचा तुकडा (लोहार चाळीजवळच्या एका आरसेवाल्याने मला १० मिलीमीटरचा तुकडा कडा घासून दिला), त्यावर ९ मायक्रॉनची फिल्म, दोन थेंब डिस्टिल्ड वॉटर, आणि इंग्रजी आठच्या आकड्यासारखं फिरवत राहायचं. टेलिकॉमवाले खाली रबर ठेवतात कारण त्यांना तोंड किंचित फुगीर हवं असतं, आपल्याला सपाट हवं म्हणून काच. ९ नंतर ३, मग १, मग ०.३. प्रत्येक फिल्मच्या मधे फेरूल आणि चकती धुवा, नाहीतर ९ चा एक दाणा १ च्या फिल्मवर आला की सगळी मेहनत वाया. दाब बोटाच्या वजनाएवढाच. शेवटी ४०० पटीच्या फायबर मायक्रोस्कोपने बघा, दुसरं टोक ट्यूबलाइटकडे धरलं की मधला गाभा गोल चमकतो. गाभ्यावर एकही चर नको. आवरणावर एखादा असेल तर सोडून द्या, परफेक्शनच्या नादात मी एक फेरूल घासून घासून आखूड करून ठेवलाय.

आता टेस्ट, आणि ही टेस्ट मला इतकी आवडते की पाहुणे आले तरी करून दाखवतो. लागतं काय, तर साधा लाल लेझर पॉइंटर, कंपासपेटीतला कोनमापक आणि पांढरा कागद. फायबरचं एक टोक कोनमापकाच्या मध्यावर असं बसवा की ते फिरवता येईल. लेझर सरळ त्याच्या तोंडावर सोडा, मग टोक ५.७ अंश फिरवा. एवढाच का, तर एफ/५ च्या शंकूची कड त्या कोनात येते. दुसरं टोक कागदापासून बरोबर १०० मिलीमीटरवर धरा. कागदावर २० मिलीमीटर व्यासाचं कडं उमटतं. फायबरवर ताण नसेल, टोकं चांगली असतील तर ते बांगडीसारखं बारीक दिसतं. टोक बिघडलं असेल तर बांगडीचा मेदुवडा होतो, जाड कड आणि मधलं भोक बुजत आलेलं. हाताशी बांगडी असतानाच दुसऱ्या हाताने फायबर मधे कुठेतरी चिमटीत हलकं दाबा, डोळ्यांदेखत मेदुवडा होतो. सोडलं की परत बांगडी. ताण म्हणजे काय हे मला वाचून कधी कळलं नव्हतं, त्या दिवशी कळलं. फक्त लेझर चालू असताना फायबरच्या टोकात डोळा घालून किंवा मायक्रोस्कोपने अजिबात बघायचं नाही, घरात पोरं असतील तर त्यांना आधी हे सांगा.

केबल बनवणं सोपं आहे पण इथेही हावरेपणा नको. फायबर आधी फिशटँकच्या हवेच्या नळीत सैल सरकवा (क्रॉफर्ड मार्केटला मीटरवर मिळते), ती नळी बाहेरून लवचीक पीव्हीसी कंड्युटमध्ये. आतलं फायबर बाहेरच्या पाइपापेक्षा एक वीतभर जास्त लांब ठेवा म्हणजे पाइप खेचला गेला तरी काच खेचली जात नाही. कुठेही केबल टाय आवळू नका. एकदा वांगणीला जाताना सेकंड क्लासच्या गर्दीत बॅग दाबली जाईल म्हणून मी गुंडाळी केबल टायने चार ठिकाणी गच्च बांधली, गर्दीने काही झालं नाही, टायनेच केलं, रात्रभर अर्धाच उजेड येत होता आणि मी ढगांना शिव्या देत होतो. वेल्क्रोची पट्टी वापरा, सैल. गुंडाळी जेवणाच्या ताटाएवढी, चहाच्या बशीएवढी नाही.

दुर्बिणीकडच्या टोकाला तारा नेमका ५० मायक्रॉनच्या ठिपक्यावर कसा आणायचा हा खरा प्रश्न. तयार फायबर हेड मिळतात, फ्रान्सच्या शेल्याकचं प्रसिद्ध आहे, त्यात भोकवाला आरसा असतो आणि गाइड कॅमेऱ्याला (ताऱ्यावर नजर ठेवून दुर्बीण जागेवर धरायला मदत करणारा कॅमेरा) त्या भोकाभोवती तारा दिसतो. खिशाला परवडत असेल तर घ्या. मी जुगाड केला. साकीनाक्याच्या एका लेथवाल्याकडून अॅल्युमिनियमचा टी-आकाराचा डबा करून घेतला, आत ४५ अंशात मायक्रोस्कोपची कव्हर स्लिप लावली, प्रिन्सेस स्ट्रीटला लॅबच्या दुकानात शंभराचं पाकीट मिळतं. सरळ जाणारा प्रकाश फायबरमध्ये, साधारण १० टक्के परावर्तित होऊन बाजूच्या गाइड कॅमेऱ्यात. डबा आतून काळा मॅट रंगवा. पहिल्या रात्री गाइड कॅमेऱ्यात एकाच ताऱ्याचे दोन तारे दिसतील, दचकू नका, स्लिपच्या पुढच्या आणि मागच्या पृष्ठभागाची ती दोन प्रतिबिंबं आहेत, माझ्याकडे त्यांच्यात २३ आर्कसेकंदांचं अंतर येतं. एकावर कायम गाइड करा, बदलू नका. न्यूटनियनवाल्यांनी आधी मोजून घ्या की फोकस ट्यूबच्या बाहेर किती येतो, हा डबा मधे बसायला निदान चार-पाच सेंटिमीटर लागतात.

फायबर कुठे आहे ते शोधायची युक्ती अशी : तेजस्वी तारा घ्या, स्पेक्ट्रोग्राफच्या कॅमेऱ्यावर एक-एक सेकंदाचे फोटो चालू ठेवा, आणि तारा हँड कंट्रोलने हळूहळू चौकटीत फिरवत न्या. एका क्षणी वर्णपट झळकतो. सगळ्यात जास्त उजेड आला की गाइड कॅमेऱ्यावर ताऱ्याचा पिक्सेल लिहून ठेवा, तोच तुमचा पत्ता. फोकसही इथेच करायचा, डोळ्याला तारा शार्प दिसतो म्हणून नाही तर वर्णपट जास्तीत जास्त उजळ होतो म्हणून. पहिल्यांदा मला सव्वा तास लागला, आता पाच मिनिटं.

दुसऱ्या टोकाला काय, तर फायबरचं तोंड हीच तुमची स्लिट, म्हणजे स्पेक्ट्रोग्राफमध्ये प्रकाश आत यायची फट. कोलिमेटर भिंग (पसरणारा शंकू समांतर करणारं) एफ/५ चं घेऊ नका, बाहेर येणारा शंकू फुगलेला असतो हे आठवतंय ना, एफ/४ चं घ्या नाहीतर कडेचा उजेड भिंगाच्या बाहेर सांडेल. माझ्याकडे १०० मिलीमीटरचं कोलिमेटर, मिलीमीटरला १२०० रेषांचं ग्रेटिंग (प्रकाशाचे रंग वेगळे करणारी रेघांची पट्टी) आणि १०० मिलीमीटरचीच कॅमेरा लेन्स आहे. यात फायबरची प्रतिमा ५० मायक्रॉनचीच राहते आणि तांबड्या रेषेजवळ रिझोल्यूशन (तरंगलांबी भागिले ओळखता येणारा सगळ्यात छोटा फरक) १७०० च्या आसपास मिळतं. सगळं थर्माकोलच्या डब्यात, जिन्याच्या वरच्या कोपऱ्यात, पाण्याच्या पंपापासून लांब. पंप चालू झाला की रेषा थरथरतात, बघितलंय.

तरंगलांबी बसवायला निऑनचा छोटा दिवा पुरतो, लाइन टेस्टरमध्ये असतो तो, लोहार चाळीत इंडिकेटर म्हणून रेझिस्टरसकट मिळतो, २३० व्होल्टवर चालतो तेव्हा उघड्या तारा नीट झाका. दिवा दुर्बिणीच्या तोंडावर बटर पेपर लावून त्याच्यासमोर ठेवा म्हणजे त्याचा प्रकाश ताऱ्याच्याच वाटेने जातो. त्याच्या ६५०.७ आणि ६५९.९ नॅनोमीटरच्या रेषांच्या मधेच हायड्रोजनची ६५६.३ ची रेषा येते, देवाने सोय करून ठेवल्यासारखी. ताऱ्याच्या आधी एक आणि नंतर एक असे निऑनचे फोटो घ्या.

पहिला तारा व्याध किंवा अभिजित घ्या, हायड्रोजनच्या काळ्या रेषा ठसठशीत दिसतात, चुकायला वाव नाही. मग ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शर्मिष्ठेच्या डब्ल्यूमधला मधला तारा, गॅमा कॅसिओपिया. तिथे तीच रेषा काळी न येता उजळ, वर उठलेली येते, कारण ताऱ्याभोवती वायूची चकती आहे. सेक्कीने १८६६ मध्ये हे पहिल्यांदा पाहिलं, असे तारे बी-ई म्हणून ओळखले जायला तिथूनच सुरुवात झाली. माझ्या स्क्रीनवर तो उंचवटा आला तेव्हा खाली रस्त्यावर कुठल्यातरी वरातीचा बँजो वाजत होता आणि मी जिन्यात एकटाच उभा राहून हसत होतो.

मे संपत आला की सगळं उतरवा. फायबरची दोन्ही टोकं अल्कोहोलने पुसून टोप्या लावा, टोपीच्या आतली धूळ आधी काढा, ती सरळ काचेवर बसते. केबल ताटाएवढ्या गुंडाळीत, सिलिका जेलसकट डब्यात. ग्रेटिंग आणि कव्हर स्लिपचा डबाही त्यातच, नाहीतर सप्टेंबरात बुरशीची रांगोळी दिसेल. ऑक्टोबरमध्ये काढलं की दुर्बिणीला लावायच्या आधी बांगडीची टेस्ट परत करा, आणि कडं जाड दिसलं तर लगेच पॉलिशला बसू नका, आधी टोक पुसून बघा, मग कनेक्टरचा स्क्रू अर्धा फेरा सैल करून बघा, माझ्याकडे तीनपैकी दोनदा तेवढ्यानेच भागलंय.